अचानक ब्रेक आणि कट मारायची प्रॅक्टिस : नाशिकच्या बाइकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण एका लॉन्सच्या पार्किंगमध्ये गाड्या घेऊन जातो आणि तासभर मुद्दाम करकचून ब्रेक मारत बसतो. येणारे जाणारे थांबून बघतात, समोरच्या टपरीवाल्याला तर पहिल्या दिवशी वाटलं की कोणीतरी गाडी विकायला काढलीय आणि गिऱ्हाईक ट्रायल घेतंय. मग प्रश्न सुरू होतात, व्हॉट्सॲपवर पण तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी काही ट्रेनर नाही, वीस वर्षं गाडी चालवतोय आणि त्यातली पंधरा चुकीची चालवली एवढंच.

ब्रेक काय शिकायचा? रोज मारतोच की.

रोज आपण मारतो तो सिग्नलचा ब्रेक. शंभर फुटावरून लाल दिसतो, आरामात रेस सोडली, पाय ठेवला, थांबलो. अचानक कोणी आडवं आलं की हाच हात-पाय काहीतरी भलतंच करतो आणि ते तुमच्या हातात नसतं, कारण तेव्हा डोकं काम करत नाही, सवय काम करते.

माझंच सांगतो. दिंडोरी रोड, द्राक्षाचा सीझन, संध्याकाळची वेळ, मी साठच्या आसपास. मळ्याच्या रस्त्यावरून क्रेट भरलेला ट्रॅक्टर निघाला, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, अगदी डोळ्यात डोळे घालून बघितलं आणि तरी आला. मी काय केलं? पाय ठोकला. मागचं चाक जाम, गाडीचं बूड डावीकडे निघालं, आणि पुढच्या ब्रेकवर बोट गेलंच नाही. ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला हँडल घासून मी साइडपट्टीच्या मुरुमात. गुडघा फाटला, बाकी वाचलो. नंतर जाऊन बघितलं तर रस्त्यावर मागच्या टायरची लांबलचक काळी रेघ होती. पुढच्या डिस्कचा एवढा चांगला ब्रेक गाडीला होता आणि मी तो वापरलाच नाही, हे मला त्या गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

अमेरिकेत १९८१ साली हर्ट रिपोर्ट म्हणून मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास आला होता, लॉस एंजेलिसच्या भागातले नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासलेले. त्यात निघालं की धोका सुरू झाल्यापासून धडकेपर्यंत चालवणाऱ्याकडे साधारण दोन सेकंदसुद्धा नसतात, आणि बऱ्याच जणांनी मागचा ब्रेक जाम केला आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. म्हणजे मी दिंडोरी रोडला काही नवीन केलं नव्हतं.

पण पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो ना? लहानपणापासून ऐकलंय.

हो, आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतोच ज्याने हे सांगितलेलं असतं. सायकलवर उतारावरून येताना पुढचा ब्रेक झटक्यात दाबला की खरंच पडायला होतं, तिथून ती भीती आलीय. शिवाय पूर्वीच्या गाड्यांना पुढे छोटा ड्रम असायचा, तो दाबला काय न दाबला काय, सगळं काम पायावरच चालायचं.

आता काय होतं ते बघा. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे सरकतं. पुढचे शॉकअप बसतात, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं टायर तेवढंच हलकं होतं, हलकं टायर पकडणार काय, म्हणून जरा पाय जोरात पडला की लगेच जाम होऊन घसरतं. जोरात थांबताना निम्म्याहून खूप जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ६० वरून दोन्ही ब्रेक नीट मारले तर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते, नुसता पाय दाबलेला माणूस त्याच २० मीटरवर अजून ४० च्या वर पळत असतो. ४० ने ट्रॉलीला लागणं काय असतं ते मी सांगायला नको.

पुढच्या ब्रेकने पडतात ते बहुतेक वेळा तीन कारणांनी: झटक्यात दाबला, हँडल वळलेलं असताना दाबला, किंवा खाली कच-वाळू होती.

म्हणजे किती लांबून ब्रेक मारायला लागतो?

बघून बोट हलेपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात ६० च्या स्पीडला तुम्ही १७ मीटर पुढे गेलेले असता, ब्रेक लागायच्या आधीच. मग थांबायचे २०. झाले ३७. ८० ला तो एक सेकंद २२ मीटर खातो आणि थांबायला ३६, म्हणजे ५८. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलोय पण गाडीवर बसलं की विसरतो.

यातली मला सगळ्यात भीतीदायक वाटलेली गोष्ट अशी. ६० वाला आणि ८० वाला शेजारी शेजारी चाललेत, दोघांनी एकाच क्षणी कुत्रं बघितलं, दोघांचे ब्रेक सारखेच चांगले. ६० वाला जिथे येऊन थांबतो तिथून ८० वाला अजून ६० च्या स्पीडने निघून जात असतो. कागदावर करून बघा, मी दोनदा केलं कारण मला पटलं नव्हतं.

लिव्हर नक्की दाबायची कशी?

झटका द्यायचा नाही. रसाचा आंबा पिळताना कसं आधी मऊ करून घेतो आणि मग दाब वाढवत नेतो, तसं. पहिला दाब हलका, त्यात वजन पुढे येतं आणि शॉकअप बसतात, मग लगेच जोर वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतलं काम आहे, लिहायला जास्त वेळ लागला. आधीच करकचून ओढली तर पुढच्या टायरवर वजन यायच्या आधीच ते जाम होतं.

दोन बोटं की चार हे गाडीवर आहे. चांगल्या डिस्कला दोन पुरतात, ड्रमला चारही घ्या. लिव्हर बोटांच्या पेरावर येते का ते बघा, आमच्यातल्या एकाची लिव्हर इतकी वर होती की मनगट मुरडून धरायला लागायचं, पान्याने दोन मिनिटांत खाली घेतली आणि त्याचं ब्रेकिंग त्याच दिवशी सुधारलं.

गर्दीत बोटं आधीच लिव्हरवर ठेवा, न दाबता. द्वारकाला किंवा मुंबई नाक्याला कोण कुठून घुसेल हे सांगता येत नाही, तिथे वाचलेला पाव सेकंद म्हणजे काही मीटर.

माझ्या गाडीला एबीएस आहे, मग मला काय गरज?

एबीएस चाक जाम होऊ देत नाही. लिव्हर तुमच्या वतीने दाबत मात्र नाही! भीतीने अर्धवट दाबणारा एबीएसवालाही ट्रॉलीत जातोच. आणि एबीएस काम करायला लागलं की लिव्हर किंवा पायडल थरथरतं, टकटक करतं, पहिल्यांदा हे झालं की लोकं घाबरून ब्रेक सोडून देतात. प्रॅक्टिसमध्ये ती थरथर एकदा बोटांना ओळखीची झाली की सोडायची इच्छा होत नाही.

दुसरं म्हणजे तुमचं एबीएस सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं जाम होऊ शकतं. आणि वळणात गाडी वाकलेली असताना साधं एबीएस जादू करत नाही. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो, विझत नसेल तर एबीएस बंद आहे असं धरून चाला आणि सर्व्हिसला दाखवा.

माझी १०० सीसी आहे, कॉम्बी ब्रेकवाली. / माझी ॲक्टिवा आहे.

एप्रिल २०१९ पासून नवीन विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक कंपल्सरी झाला. कॉम्बीमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, स्कूटरला डाव्या लिव्हरमध्ये आणि बाइकला पायडलमध्ये. "थोडा" या शब्दावर लक्ष द्या. तेवढ्यावर भागत नाही, हाताने पुढचा वेगळा दाबायचाच. स्कूटरवाल्यांनी दोन्ही लिव्हर एकत्र. स्कूटरवर माणूस मागे सरकून बसलेला, चाकं छोटी, पायात चप्पल, त्यामुळे खरंतर त्यांनी जास्त प्रॅक्टिस करायला हवी, आणि येतात मात्र सगळे मोठ्या बाइकवालेच.

चाक जाम झालं तर काय करायचं?

पुढचं जाम झालं, म्हणजे हँडल एकदम हलकं पडलं, तर लगेच सोडा आणि परत पिळा. इथे विचार करायला वेळ नसतो, गाडी खाली जाते. मागचं जाम झालं आणि गाडी सरळ आहे तर हळूच पाय सैल करा. पण बूड एका बाजूला बरंच निघालेलं असेल तर पाय एकदम सोडू नका, कारण चाकाने अचानक पकड घेतली की गाडी झटक्यात सरळ होते आणि तुम्हाला पलीकडे फेकते. घसरून पडणं परवडलं पण हे नको. अशा वेळी ते जामच राहू द्या, नजर समोर आणि थांबेपर्यंत धरून ठेवा.

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करायची कुठे?

गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला रात्री अकराला नाही, हे आधी सांगतो. पब्लिक रोडवर स्पीडच्या ट्रायल घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये बसतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागून येणाऱ्याला काय माहिती तुम्ही मध्येच थांबणार आहात. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले रस्ते सुट्टीच्या सकाळी रिकामे दिसतात पण तेही रस्तेच आहेत, कंपनीच्या गेटमधून कधी टेम्पो निघेल नेम नाही.

आमचा उपाय म्हणजे लॉन्स. आपल्याकडे गंगापूर रोडला, संभाजीनगर रोडला लग्नाच्या लॉन्सना कमी नाही आणि पार्किंग कसली मोठमोठी. लग्नाची तिथ नसेल त्या दिवशी सकाळी मालकाला विचारायचं, नीट सांगितलं तर बहुतेक हो म्हणतात, वॉचमनला चहा पाजायचा. डांबर किंवा खरबरीत काँक्रीट बघा, पेव्हर ब्लॉक नको, ओला झाला की साबण. एक गंमत अशी की चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून जागाच जागा मिळते, पण तेव्हा नेमका पाऊस.

सुरू करायच्या आधी झाडू घेऊन शंभर फूट पट्टा झाडून काढा. आम्हाला एकदा आदल्या रात्रीच्या लग्नातल्या अक्षता सापडल्या होत्या. तांदळावर टायर कसं जातं ते मला बघायचं नव्हतं.

सुरुवात कशी करायची?

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. जॅकेट, ग्लोव्हज, गुडघ्याला गार्ड, बूट. एकटे जाऊ नका.

पहिल्या दिवशी २० च्या स्पीडने, नुसता पुढचा ब्रेक. हँडल सरळ, नजर लांब. मग ३०. दहा-बारा वेळा झालं की पाय हलका जोडायचा. पाण्याची बाटली ठेवून खूण करा, खुणेला ब्रेक सुरू, थांबलात तिथपर्यंत पावलं मोजा. ४० ला माझी पहिल्या दिवशी एकोणीस पावलं झाली होती, तिसऱ्या रविवारी बारा झाली. पुढचं स्पीड तेव्हाच घ्यायचं जेव्हा मागच्या स्पीडला पाचपैकी पाच वेळा गाडी सरळ रेषेत थांबते. ५० च्या वर आम्ही पार्किंगमध्ये जातच नाही, जागाही नसते आणि सवय लागायला ४०-५० पुरतं.

खुणेवर ब्रेक मारणं जमलं की मित्राला समोर लांब बाजूला उभं करा आणि त्याने वाटेल तेव्हा हात वर करायचा. इथे सगळ्यांची पावलं वाढतात, हमखास, कारण आता तो एक सेकंद मोजला जातोय.

मांड्यांनी टाकी घट्ट धरा. शरीर हातांवर तोललं की हात ताठ होतात आणि लिव्हरचा अंदाज जातो.

क्लच दाबायचा का?

हो, ब्रेकबरोबरच. नाहीतर शेवटी इंजिन ढकलत राहतं किंवा बंद पडतं. थांबता थांबता गिअर पहिल्यावर आणा, का ते खाली सांगतो.

कट मारून चुकवायचं कसं? गाडी वळतच नाही ऐन वेळी.

कारण आपण अंगाने वाकायला बघतो. २५-३० च्या वरच्या स्पीडला डावीकडे जायचं तर डाव्या हाताने हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, हँडल क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे पडते. तुम्ही हे रोज नकळत करताच, फक्त ऐन वेळी हवं तेवढ्या जोरात करता येत नाही. मोकळ्या जागेत ३० ने सरळ जाताना डावी मूठ हलकीशी ढकलून बघा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हेल्मेटमध्ये एकटाच हसलो होतो.

ड्रिल सोपं आहे. एक बाटली मध्ये, तिच्या अलीकडे दहा-बारा मीटरवर खूण, खुणेपर्यंत सरळ यायचं, मग ढकला आणि बाटली पार झाली की लगेच दुसरी मूठ ढकलून परत आपल्या रेषेत. ढकल-ढकल, दोन ठोके. रेस आहे तशी ठेवायची. अंग सरळ राहू दे, गाडी खाली झुलू दे.

नजर बाटलीवर ठेवली की बाटली तुडवलीच म्हणून समजा! जिथे बघाल तिथे गाडी जाते. मोकळ्या जागेकडे बघायचं. खड्डा चुकवायला बघतो आणि नेमका त्यातच जातो, ते यामुळेच.

मग ब्रेक मारायचा की कट?

एका वेळी एकच. टायरकडे पकड ठराविक असते, ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. ब्रेक मारून स्पीड कमी करा, सोडा, मग कट. किंवा आधी कट, गाडी सरळ झाली की ब्रेक. दोन्ही एकत्र केलं की आडवे.

माझं मत विचाराल तर आपल्या रस्त्यावर दहातले आठ वेळा ब्रेकच. कट मारून जाणार कुठे? डावीकडे रिक्षा, उजवीकडे सिटी बस. आणि ब्रेकने पूर्ण नाही थांबलात तरी साठचं वीस होतं, कट फसला तर साठचं साठच राहतं. कट ठेवायचा खड्डा, पडलेलं पोतं, उघडलेलं कारचं दार असल्या छोट्या गोष्टींसाठी, तेही आरशात बाजू मोकळी आहे हे आधीपासून माहिती असेल तर.

कुत्रं आलं तर?

ब्रेक, सरळ रेषेत. कुत्रं कुठल्या बाजूला पळेल हे त्यालाच माहिती नसतं, म्हणून कट नको. धडकणारच असं दिसलं तर शेवटच्या क्षणी ब्रेक सोडा, हँडल घट्ट सरळ, फुटरेस्टवर थोडं उठा. न रंगवलेल्या स्पीड ब्रेकरलाही हेच.

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना किंवा कसारा घाटात वळणात कोणी समोर आलं तर?

आधी गाडी उभी करा, मग ब्रेक. जागा असेल तर एका झटक्यात सरळ करून पूर्ण ब्रेक, नसेल तर हलका हलका दाब आणि गाडी जसजशी उभी होईल तसतसा वाढवायचा. खरा इलाज वळणाच्या आधीच आहे, जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढंच स्पीड.

पावसात प्रॅक्टिस करू का?

कोरड्यात पक्कं झाल्यावर, २०-३० ने, जरूर. पहिल्या पावसाचे एक-दोन दिवस सोडा, ऑइल आणि धूळ वर येऊन रस्त्यावर मेण झालेलं असतं. ओल्यात थांबायला बरंच जास्त अंतर लागतं आणि मागच्या ब्रेकचा वाटा जरा वाढतो कारण वजन तेवढं पुढे जात नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, चेंबरची झाकणं यावर ब्रेक नको. मळ्यातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर सोडलेली काळी माती ओली झाली की बर्फच, आणि पिंपळगाव-लासलगावकडे कांद्याची टरफलं. सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरात जिथे तिथे खोदलंय, तिथल्या बारीक खडीलाही हाच नियम.

डबल सीट असताना?

वजन मागे वाढतं म्हणून मागचा ब्रेक जास्त उपयोगी पडतो, पण ताकदही जास्त लावावी लागते आणि मागचा माणूस तुमच्या पाठीवर येतो, त्याचा भार तुमच्या हातांवर. दोघांसाठी टायरची हवा किती ते स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते बघा. घरच्यांना मागे बसवून प्रॅक्टिस करू नका, आमच्यातल्या एकाने केली, वहिनी रिक्षाने घरी गेल्या.

मी थांबलो पण मागच्याने ठोकलं तर?

म्हणूनच पहिला गिअर. थांबल्या थांबल्या आरशात बघा, ब्रेकचा पाय सोडू नका म्हणजे लाल दिवा लागलेला राहतो, मागचा थांबत नाहीये असं वाटलं तर बाजूच्या फटीत निघा. ही सवय प्रॅक्टिसमध्येच लावा: थांबा, आरसा, निघा.

गाडीत आधी काय तपासायचं?

थंड टायरची हवा. टायरच्या खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत रबर आलं असेल तर आधी टायर. डिस्कचे पॅड, ड्रमचे लायनर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण सर्व्हिसिंगला कोणी स्वतःहून सांगत नाही. लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखी लागली तर आत हवा आहे, त्या गाडीवर प्रॅक्टिस नाहीच. डिस्कवर पॉलिश किंवा चेनचा स्प्रे उडू देऊ नका, एकाने गाडी चकाचक करून आणली होती, ब्रेकच लागेना.

किती दिवसांनी करायची?

पहिले चार रविवार सलग, मग महिन्यातून एकदा वीस मिनिटं. नवीन गाडी किंवा नवीन टायर घेतलं की परत पहिल्यापासून. नवीन टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून.

घरातल्या मोठ्यांना कसं पटवायचं? बाबा म्हणतात आम्ही चाळीस वर्षं मागच्या ब्रेकवरच चालवली.

वाद घालू नका, पावलं मोजायला लावा. मी आमच्या बाबांना त्यांच्याच गाडीवर, २५ च्या स्पीडने, आधी नुसत्या पायावर थांबायला सांगितलं. मग दोन्ही. मोजायला तेच उतरले. अकरा आणि सहा. त्यांचा विश्वास बसेना, म्हणाले तू बाटली सरकवलीस. परत केलं, परत मोजलं, तिसऱ्यांदाही केलं. मग गाडी स्टँडला लावली, पुढची लिव्हर दोनदा दाबून बघितली आणि म्हणाले, "ही केबल फार सैल आहे रे, दहाचा पाना आण."